‘देवाची इच्छा’ म्हणताना

शेजारच्या घरातला तरुण मुलगा अपघातात गेला. भेटायला गेलो आणि सवयीने बोलून गेलो, “देवाची इच्छा.” त्याच्या आईने वर पाहिले. “त्याचीच इच्छा होती का हो?” मला उत्तर देता आले नाही. ख्रिस्ती धर्मचिंतनातही हा प्रश्न जुना आहे. तिथे तो कसा सोडवला गेला, हे शोधणे त्या दिवसापासून सुरू झाले.

ईश्वरी योजनेसाठीचा लॅटिन शब्द ‘प्रोव्हिडेन्शिया’. पुढचे पाहणे आणि त्याची तरतूद करणे, हा त्याचा अर्थ. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी सांगितले, की ईश्वर हे आद्य कारण. पण तो निसर्गाच्या आणि माणसाच्या दुय्यम कारणांमधून काम करतो. सोळाव्या शतकात कॅल्व्हिन यांनी योगायोगाला जागाच ठेवली नाही. मग १७५५ साली, सर्व संतांच्या सणादिवशी, लिस्बनला भूकंप झाला. भाविकांनी भरलेली चर्च कोसळली आणि या खात्रीला तडा गेला.

१९४३ मध्ये हाम्बुर्गवरील बॉम्बवर्षावात सतरा वर्षांच्या युर्गन मोल्टमान यांच्या शेजारी उभा असलेला मित्र मारला गेला. पुढे धर्मचिंतक झालेल्या मोल्टमान यांनी १९७२ च्या ग्रंथात मांडले, की क्रुसावर देव स्वतःच दुःखात उतरतो. तो अलिप्त नाही. व्हाइटहेड यांच्या तत्त्वज्ञानातून निघालेला ‘प्रक्रिया’ विचार म्हणतो, देव सक्ती करीत नाही, साद घालतो. १९९४ मध्ये क्लार्क पिनॉक आणि त्यांच्या सहलेखकांनी भविष्य पूर्ण ठरलेले नाही, असे प्रतिपादले.

यावरचा आक्षेपही तितकाच वजनदार आहे. देवाच्या हाती सारे नसेल, तर भरवसा कशावर ठेवायचा? हा प्रश्न मी झटकू शकत नाही.

मला वाट दाखवली ती मत्तयच्या शुभवर्तमानातील चिमणीने. पित्याच्या इच्छेशिवाय ती जमिनीवर पडत नाही, असे काही भाषांतरे सांगतात. पण मूळ ग्रीकमध्ये ‘इच्छा’ हा शब्दच नाही. ‘पित्यावाचून’ एवढेच आहे. म्हणजे चिमणी पडते, पण एकटी पडत नाही, असाही अर्थ निघतो.

त्या आईला हे पटेल की नाही, ठाऊक नाही. पुन्हा गेलो तेव्हा मी कसलेच स्पष्टीकरण दिले नाही. नुसता जवळ बसलो.