तळघरातली डोंगररांग

दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि कुणाची त्याला हरकत नसते. जॉन ॲलनची असती. कॅलिफोर्नियातल्या माँटेरेत, घराच्या तळघरात, या माणसाने एक आख्खी डोंगरी रेल्वे उभी केली. सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं. सहा फुटी माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा, दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. डोंगर मात्र जमिनीपासून छतापर्यंत.

ॲलन १९१३ साली मिसुरी राज्यातल्या जॉप्लिनला जन्मला. पेशाने छायाचित्रकार. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण त्याच्या रेल्वेचं पुढे जे काही उरलं ते या पेशामुळे. चाळीसच्या दशकात तो माँटेरेला आला आणि टेबलाएवढ्या फळीवर पहिला मार्ग टाकला. नाव ठेवलं ‘गोर अँड डाफेटिड’. लिहिलेलं पाहिलं तर युरोपातली दोन जुनी गावं वाटावीत. पण अमेरिकन तोंडाने भरभर म्हटलं की ऐकू येतं ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’! छंदापायी माणसाची जी गत होते तिचं इतकं नेमकं नाव मी दुसरं ऐकलेलं नाही.

त्या काळी हौशी लोकांची इंजिनं फडताळातल्या पितळी भांड्यांसारखी लखलखीत असत. ॲलनने आपली मळवली. धुराड्याखाली काजळी, पत्र्यावर गंजाचे ओघळ, शेडच्या फळ्यांना उन्हाने पडलेल्या भेगा, छपराला पडलेला बाक. पाहुणे यायचे म्हणून घर घासूनपुसून ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे उफराटं वाटेल. पण खरी रेल्वे कुठे चकचकीत असते? नवी कोरी वस्तू वापरून जुनी झालेली दाखवायची, तीही कुंचल्याच्या टोकाने, हे काम त्याने इतकं मनावर घेतलं की पुढच्या पिढीला ते शिकल्याशिवाय गत्यंतर राहिलं नाही.

जागा अपुरी पडली तिथे त्याने नजर फसवली. मागची घरं पुढच्यांपेक्षा बारकी केली. भिंतीशी आरसे असे बसवले की यार्ड पलीकडे दूरवर चालूच आहे असं वाटावं. मग कॅमेऱ्याचं छिद्र अगदी बारीक करून, फिल्मला बराच वेळ उजेड देऊन फोटो काढले, म्हणजे जवळचा खिळा आणि लांबचा पूल दोन्ही सारखेच स्पष्ट. ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकातून ते छापून येत आणि अनोळखी गावांतली माणसं ती पानं उघडून तासन्‌तास बसत.

एवढ्या काटेकोर माणसाने शंटिंगला एक डायनोसॉर ठेवला होता. नाव एम्मा, जात स्टेगोसॉरस, नंबर १३. यार्डात ती डबे ओढताना दिसे. हा खट्याळपणा नसता तर त्या तळघरात मला गुदमरायला झालं असतं.

मित्र जमत, प्रत्येकाला गाडी मिळे, वेळापत्रक मिळे. घड्याळ मुद्दाम वेगाने पळवलेलं, कारण तळघरातल्या अंतरांना खरा तास पुरवायचा कुठून? १९७२ मध्ये ‘टाइमसेव्हर’ नावाचं त्याचं कोडंही मासिकात आलं: पाच सांधे, आखूड रूळ, मोजके डबे, आणि ते कमीत कमी वेळात ठरल्या जागी लावायचे. नाव फसवं आहे. कितीतरी संध्याकाळी त्याने खाल्ल्या असतील. सांधेवाल्याची नोकरी किती डोक्याची असते ते त्यात कळतं.

६ जानेवारी १९७३ला ॲलन हृदयविकाराच्या झटक्याने गेला. वय ५९. दहा दिवसांनी तळघराला आग लागली आणि डोंगररांग जळाली. पहिली टेबलाएवढी फळीही त्यात गेली. तिसऱ्यांदा नव्याने रेल्वे बांधताना त्याने ती टाकून दिली नव्हती, मोठ्या डोंगरांच्या पोटात बसवून घेतली होती.

त्याच्यावरचं पुस्तक लिन वेस्टकॉट या संपादकाने लिहिलं. ते १९८१ साली आलं तेव्हा वेस्टकॉटही हयात नव्हता. पुस्तकात फोटो भरपूर आहेत. यार्डातला खरा रूळ कुठे संपतो आणि आरशातला कुठे सुरू होतो, हे मी भिंग लावून शोधलं. अजून सापडलेलं नाही.