कंबरदुखीवरचा व्यायाम

कंबरदुखीच्या सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये मणक्याचा कोणताही विशिष्ट आजार सापडत नाही. दुखणे १२ आठवड्यांहून अधिक टिकले की ते जुनाट मानतात. पूर्वी अशा रुग्णाला सक्त विश्रांती सांगितली जाई, पण पडून राहिल्याने स्नायू आणखी दुबळे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी व्यायामाची शिफारस आहे. सर्रास वापरले जाणारे कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन यांची मात्र नाही.

सुरुवात तपासणीने होते. लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद कमी होणे, ताप, कारण नसताना वजन घटणे यांपैकी काहीही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा लागतो.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी सुचवलेले तीन व्यायाम फिजिओथेरपीत बरेच वापरले जातात. पहिल्यात उताणे झोपून, एक गुडघा वाकवून आणि कमरेच्या खोलगट भागाखाली तळहात ठेवून डोके व खांदे जमिनीपासून जेमतेम उचलायचे. दुसऱ्यात कुशीवर होऊन कोपर आणि वाकवलेले गुडघे यांच्या आधाराने कंबर वर धरायची.

तिसरा दिसायला सोपा, करायला अवघड. रांगण्याच्या स्थितीत उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे ताणायचा, मग बाजू बदलायची. मनगट खांद्याखाली आणि गुडघा खुब्याखाली हवा. नवख्याची चूक इथे लगेच दिसते: पाय उंच नेण्याच्या नादात कंबर खचते, श्वास रोखला जातो. पाठीवर आडवी काठी ठेवली, तर खुबा कलताच ती एका बाजूला घसरते. ती जागची हलेनाशी होईपर्यंत नुसता पाय मागे सरकवणे पुरे. प्रत्येक स्थिती जास्तीत जास्त १० सेकंद धरतात आणि फेऱ्यांत आवर्तने उतरत्या क्रमाने घेतात: आधी ६, मग ४, मग २.

झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी उठल्याउठल्या ओणवे होण्याचे व्यायाम टाळावेत. व्यायामानंतर थोडे दुखले आणि ते दुसऱ्या दिवशी शमले, तर चालते. कळ पायात उतरू लागली, तर प्रमाण कमी करून फिजिओथेरपिस्टला दाखवावे. वाढ एका वेळी एकाच गोष्टीत करावी, वेळ किंवा आवर्तने.

चालण्याचाही उपयोग आहे. २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत दुखण्यातून नुकतेच सावरलेल्यांपैकी हळूहळू चालणे वाढवणाऱ्यांचे दुखणे उलटायला साधारण २०८ दिवस लागले. इतरांचे ११२ दिवसांतच उलटले.

अमुक एकच व्यायाम सर्वांसाठी श्रेष्ठ, असे सिद्ध झालेले नाही. योगासने, पिलाटीस, चालणे यांपैकी जे झेपेल आणि नियमाने होईल, तेच निवडावे.