‘न्यूक्लिअर’ : मूळ अर्थ गराचा

केळवे रोड स्थानकातून उत्तरेकडे निघालेली गाडी पालघर, उमरोळीनंतर बोईसरला पोहोचते. तेथून जवळच, समुद्रकाठी तारापूरचा अणुऊर्जा प्रकल्प आहे. २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यावसायिक वीजनिर्मिती करू लागलेला हा देशातील पहिला अणुवीज प्रकल्प. साहजिकच ‘न्यूक्लिअर’ हे इंग्रजी विशेषण या पट्ट्यात घरोघरी परिचित आहे. त्याचा मूळ अर्थ मात्र केळव्याच्या नारळ-सुपारीच्या वाडीत अधिक सहज उमगावा असा आहे.

लॅटिनमध्ये ‘नक्स’ म्हणजे कठीण कवचाचे फळ आणि त्यावरून आलेला ‘न्यूक्लिअस’ म्हणजे आतला गर. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांनी १८३१ मध्ये पेशीच्या केंद्रकासाठी हा शब्द वापरला. अर्नेस्ट रुदरफोर्ड यांनी १९११ मध्ये अणूचे जवळजवळ सारे वस्तुमान त्याच्या गाभ्यात एकवटलेले असल्याचे मांडले. पुढे या गाभ्यालाही तेच नाव मिळाले.

मराठीत आपण ‘अणुऊर्जा’ म्हणतो. कोळसा जळताना अणूंची केवळ फेरजुळणी होते, त्यांचे केंद्रक अबाधित राहते. अणुभट्टीत युरेनियमचे केंद्रकच दुभंगते. म्हणून काटेकोर शब्द ‘अणुकेंद्रकीय ऊर्जा’ असा होईल. हिंदीत याच ऊर्जेला ‘परमाणु ऊर्जा’ म्हणतात. तेथे ‘अणु’ म्हणजे आपला रेणू. दोन्ही भाषांतील पुस्तके वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा भेद ध्यानात ठेवलेला बरा.

रुग्णालयात तर अर्थ कळणे अधिकच गरजेचे. ‘एमआरआय’ तपासणीमागील तंत्राचे मूळ नाव ‘न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स’. शरीरातील हायड्रोजनच्या केंद्रकांना चुंबकीय क्षेत्रात मिळणारा प्रतिसाद त्यात टिपला जातो. क्ष-किरण वा किरणोत्सारी द्रव्य लागत नाही. तरीही रुग्ण धास्तावू नयेत म्हणून पहिला शब्द गाळण्यात आला. याउलट ‘न्यूक्लिअर मेडिसिन’मध्ये किरणोत्सारी औषधे अल्प मात्रेत खरोखरच वापरली जातात.

समाजशास्त्रातील ‘न्यूक्लिअर फॅमिली’ म्हणजे आई-वडील आणि मुले. मोठ्या कुटुंबाचा हा गाभा, असा इंग्रजी शब्दाचा रोख. मराठीत रूढ झाले ते ‘विभक्त कुटुंब’. इंग्रजीने गर पाहिला, आपण वेगळी झालेली चूल पाहिली.