प्लास्टर निघाले, तरी हाताची आग थांबत नाही?

पावसात घसरून मनगट मोडणे, तळोज्याच्या कारखान्यात हात चेंगरणे, हे आपल्या पनवेल परिसरात नवे नाही. बहुतेकांचा हात काही महिन्यांत कामाला लागतो. काहींचे मात्र प्लास्टर निघते, एक्स-रेत हाड जुळलेले दिसते, तरी हात विस्तवावर धरल्यासारखा जळतो. पदर घासला तरी कळ मस्तकात जाते. मग घरचे म्हणतात, ‘कामाचा कंटाळा’. शेजारी भगताचे नाव सुचवतात.

बंधू-भगिनींनो, हे सोंग नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. हा मज्जातंतूंशी निगडित आजार आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धातील जखमी सैनिकांच्या अशा जळजळीची नोंद डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी १८६४ साली केली होती. आज त्याला ‘कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम’ म्हणतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो अधिक होतो.

याचे निदान रक्ताच्या एखाद्या तपासणीत होत नाही. डॉक्टर हात पाहूनच ओळखतात. दुखापतीच्या मानाने वेदना फार असते, नुसता स्पर्श सोसत नाही, कातडीचा रंग बदलतो, एक हात दुसऱ्यापेक्षा गरम वा गार लागतो, सूज व घाम येतो, बोटे आखडतात. अशीच लक्षणे असणारे दुसरे आजार नाहीत ना, हेही डॉक्टर पाहतात.

काही रुग्णांना ‘नर्व्ह ब्लॉक’ देतात. हाताच्या दुखण्यासाठी मानेच्या पुढच्या बाजूने, पायासाठी कमरेत, सोनोग्राफी किंवा एक्स-रेच्या मदतीने मज्जातंतूंजवळ बधिरतेचे औषध सोडतात. मानेतल्या इंजेक्शननंतर पापणी खाली येते, आवाज बसतो. काही तासांत ते ओसरते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावे. आराम कुणाला काही तास, कुणाला काही आठवडे मिळतो, कुणाला मुळीच नाही. ब्लॉकने आराम पडला नाही म्हणून दुखणे खोटे ठरत नाही.

खरा उपयोग पुढे आहे. वेदना उतरलेली असते तेवढ्या वेळात बोटे हलवायची, व्यायाम करायचा. झोळीत बांधून ठेवलेला हात अधिक आखडतो. म्हणून लवकर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा, फिजिओथेरपी सोडू नका. कामगार विम्याचे कार्ड असेल तर तेथे नोंद करून कागद जपून ठेवा.

आणि घरच्यांनो, दुखते म्हणणाऱ्यावर आधी विश्वास ठेवा. नाहीतर दवाखान्याची वाट उशिरा धरली जाते आणि पोटाला मिळवून देणारा हात कायमचा अधू होऊ शकतो.