घर विकायला काढताना

मैत्रिणींनो, विकाऊ घरं जास्त आणि घेणारे कमी असले, की गिऱ्हाईक खोट काढून भाव पाडतं. म्हणून आम्ही सांगतो, रंगाच्या आधी कागद बघा. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा, घरपट्टीची बाकी भरा. उताऱ्यावर अजून सासऱ्यांचंच नाव असेल, तर आधी वारसांची नोंद करून घ्या. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली बदल झाला; वडिलोपार्जित घरात आता लेकीचाही मुलाइतकाच वाटा आहे. तेव्हा नणंदेला विचारल्याशिवाय इसार घेऊ नका. तिची एक सही राहिली, की गिऱ्हाईक दुसऱ्या दाराशी जातं. मग फुटकी कौलं बदला, मोरी साफ करा, भिंतींना चुना द्या. आणि खरेदीखत पूर्ण वाचून घेतल्याशिवाय अंगठा किंवा सही देऊ नका.