न बांधलेल्या पाणबुड्यांची किंमत

न वापरलेली पाणबुडी म्हटली की हिटलरच्या जर्मनीतली ‘टाइप 21’ आठवते. शंभरावर पाणबुड्या नौदलात दाखल झाल्या, पण मे 1945 च्या शरणागतीपूर्वी युद्धगस्तीवर निघाल्या अवघ्या दोन. माझ्या मते याहून महाग पडल्या त्या कधी बांधल्याच न गेलेल्या दोन जर्मन बनावटीच्या पाणबुड्या, आणि त्या मुंबईतल्या. भारताच्या डिसेंबर 1981 च्या करारानुसार दोन पाणबुड्या जर्मनीत कील इथे आणि दोन मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधायच्या होत्या, आणखी दोन बांधायचा पर्यायही होता. माझगावात बांधलेली ‘शाल्की’ 1992 मध्ये आणि ‘शंकुल’ 1994 मध्ये नौदलात दाखल झाली. पुढच्या दोन मात्र याच करारातल्या 1987 च्या दलाली प्रकरणात बुडाल्या, पाण्यात न उतरताच.

भ्रष्टाचाराचा संशय असताना सौदा थांबवणं योग्यच होतं, असं कुणी म्हणेल. चौकशी हवीच होती. पण चौकशी दलालीची करायची होती, शिक्षा झाली ती कारागिरीला. जाड पोलादी कवचाचं वेल्डिंग पुस्तकातून येत नाही, काम थांबलं की हात विसरतात आणि माणसं पांगतात. परदेशातून तयार पाणबुड्या घेता आल्या असत्या, घेतल्याही. त्यातून ताफा वाढतो, गोदी शिकत नाही. ‘शंकुल’नंतर माझगावात बांधलेली पुढची पाणबुडी, फ्रेंच बनावटीची ‘कलवरी’, नौदलात आली 14 डिसेंबर 2017 रोजी.