अवर्षण, धारण आणि सूर्यावरील डाग : दोन रकान्यांच्या सहसंबंधाची परीक्षा

जुन्या दप्तरांतून धान्याची धारण, वसूल, पर्जन्य, अवर्षण यांचे उल्लेख वेंचून त्यांचे वर्षवार रकाने मांडणें हा इतिहास-संशोधनाचा एक मान्य मार्ग आहे. असे दोन रकाने शेजारीं ठेवले म्हणजे त्यांत संबंध दिसूं लागतो, आणि संबंध दिसला कीं लेखणी कारण-कार्यभावाकडे धांव घेते. या धांवेस लगाम घालणारी एक रीति संख्याशास्त्रानें दिली आहे. तिचा परिचय नुसत्या सूत्रांनीं करून देण्यापेक्षां एका घडलेल्या प्रकरणावरून करून द्यावा असें आम्हीं योजिलें आहे. प्रकरण दक्षिणेंतील दुष्काळाशीं निगडित असल्यानें वाचकांस तें परकें वाटणार नाहीं.

इ. स. १८०१ मध्यें विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें असें मांडलें कीं, ज्या काळांत सूर्यावर डाग थोडे दिसले त्या काळांत इंग्लंडांत गहूं महाग होता. गव्हाचे भाव त्यानें अॅडम स्मिथच्या ग्रंथांतून घेतले होते, आणि डाग थोडे असलेले असे काळ त्यास पांचच मिळाले होते. पुढें १८४३ मध्यें श्वाबे यानें डागांची वाढ-घट नियमानें होते असें प्रसिद्ध केलें, व वुल्फ यानें त्या चक्राचा काळ सुमारें अकरा वर्षें ठरविला. मग १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. तो चालूं असतांच, १८७७ मध्यें, सरकारी संख्याखात्याचा मुख्य विल्यम हंटर यानें मद्रास शहरीं १८१३ पासून मोजलेला पाऊस अकरा-अकरा वर्षांच्या चक्रांत मांडून, डाग कमी तेव्हां पाऊस कमी, असा सिद्धांत काढला. त्याच वर्षीं नॉर्मन लॉकियर या ज्योतिर्विदासह त्यानें सूर्यडाग व दुष्काळ यांवर लेखही लिहिला. डागांचा नीचांकही नेमका १८७८ मध्यें आला, त्यामुळें सिद्धांतास वजन प्राप्त झालें. येथें एक गोष्ट नमूद केल्यावांचून राहवत नाहीं. त्याच काळांत हिंदुस्थानांतून धान्याची निर्गत चालूंच होती. दुष्काळाचा कर्ता सूर्य ठरला म्हणजे निर्गतीचा आणि साऱ्याच्या वसुलीचा जाब कोणीं कोणास विचारावयाचा?

अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स याची कथा याहून बोधप्रद आहे. तेराव्या-चौदाव्या शतकांतील इंग्लंडचे धान्यभाव घेऊन त्यांत अकरा वर्षांचें चक्र दिसतें असा निबंध त्यानें १८७५ मध्यें वाचला. नंतर त्याच्याच ध्यानांत आलें कीं, तेच आंकडे तीन, पांच, सात किंवा नऊ वर्षांच्या चक्रांतही तितकेच चांगले बसतात. तेव्हां त्यानें निबंध मागें घेतला. ही सचोटी दुर्मिळ होय. परंतु तो मोह पुरता सुटला नाहीं. १८७८ मध्यें व्यापारी अरिष्टांचें अंतर सरासरीनें साडेदहा वर्षांच्या जवळपास आहे असें त्यानें काढलें, आणि सूर्यचक्राचा काळही अकरा नसून साडेदहाच आहे हें दुसऱ्या एकाचें अनुमान उचलून दोहोंची सांगड घातली. हिंदुस्थानांतील पीक हा त्यानें मधला दुवा कल्पिला होता.

या सर्वांपाशीं बुद्धि होती, आंकडे होते. माप मात्र नव्हतें. तें गाल्टन यानें १८८८ मध्यें सुचविलें व कार्ल पिअर्सन यानें १८९६ मध्यें सध्यांच्या रूपास आणलें. प्रत्येक रकान्याची सरासरी काढावी, प्रत्येक आंकडा तिच्याहून किती अधिक वा उणा आहे तें लिहावें, एकाच वर्षाच्या दोन विचलनांचा गुणाकार करून सर्व गुणाकारांची बेरीज घ्यावी. मग प्रत्येक रकान्यांतील विचलनांच्या वर्गांची बेरीज करून त्या दोन बेरजांच्या गुणाकाराचें वर्गमूळ काढावें, व त्यानें पहिल्या बेरजेस भागावें. येणारा सहसंबंधांक उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान असतो. शून्याजवळ असल्यास सरळ प्रमाणांतला संबंध नाहीं असें समजावें.

समजा, पांच वर्षांस अवर्षणाच्या तीव्रतेप्रमाणें १, २, ३, ४, ५ असे क्रम दिले, आणि महागाईचे क्रम त्याच वर्षांस २, १, ४, ३, ५ असे आले. गुणाकारांची बेरीज ८, वर्गांच्या बेरजा प्रत्येकीं १०. म्हणून अंक ०·८. हा पाहून कोणीही संबंध दृढ आहे असें म्हणेल. आतां परीक्षा करूं. अवर्षणाचा महागाईशीं कांहींच संबंध नसता, तर महागाईचे पांच क्रम कोणत्याही रीतीनें लागले असते. अशा मांडण्या १२० होतात. पैकीं ८ मांडण्यांत अंक ०·८ वा अधिक येतो, व आणखी ८ मांडण्यांत तो उणे ०·८ वा त्याहून खालीं जातो. म्हणजे १२० पैकीं १६ वेळां निव्वळ योगायोगानेंही इतका मोठा अंक मिळेल. काकतालीय न्यायास एवढी जागा असतां सिद्धांत बांधणें धाडसाचें होय. विसांत एकदां घडणाऱ्या योगायोगापर्यंत सूट द्यावयाची, ही प्रचलित मर्यादा घेतली तर नेहमीच्या कोष्टकाप्रमाणें दहा वर्षांच्या रकान्यांस निदान ०·६३, वीस वर्षांच्यास ०·४४ व पन्नास वर्षांच्यास ०·२८ इतका अंक लागतो.

परंतु हीं कोष्टकें एक गोष्ट गृहीत धरतात : प्रत्येक वर्ष दुसऱ्यापासून स्वतंत्र असावें. धारणेचें तसें नसतें. पेवांतील शिल्लक, बियाण्याची टंचाई, मेलेलीं गुरें यांमुळें एका वर्षाची महागाई पुढच्या वर्षांत उतरते, आणि चाळीस वर्षांचा रकाना प्रत्यक्षांत दहा-बारा वर्षांइतकाच पुरावा देतो. यूल यानें १९२६ मध्यें दाखविलें कीं, १८६६ ते १९११ या काळांत इंग्लंडांतील एकूण विवाहांपैकीं प्रस्थापित चर्चमधील विवाहांचें प्रमाण व तेथील मृत्युमान यांचा सहसंबंधांक ०·९५ येतो! दोन्ही रकाने कालगतीनें उतरत होते, इतकेंच. अशा वेळीं मूळ आंकड्यांऐवजीं लागोपाठच्या वर्षांतील फरक घेऊन अंक काढून पाहावा. तो कोसळला तर पहिला डोलारा काळाचा होता असें समजावें.

दुसरा धोका निवडीचा. संबंध नसलेल्या वीस जोड्या तपासल्या तर वरील मर्यादेनें निदान एक तरी उत्तीर्ण होण्याचा संभव शेंकडा ६४ असतो. हें मर्म हिंदुस्थानच्या वेधशाळाखात्याचा १९०४ ते १९२४ पर्यंतचा प्रमुख गिल्बर्ट वॉकर यानें ओळखलें. अनेक जोड्यांतून सर्वांत मोठा अंक निवडला असतां त्याची कसोटी किती कडक असावी, याचा विचार त्यानें १९१४ मध्यें मांडला. पुढील वर्षीं सूर्यडाग व पाऊस यांचे अंक ठिकठिकाणचे काढले, तों ते भविष्य वर्तविण्याच्या कामास येण्याजोगे नाहींत असें दिसलें. ज्या दक्षिण दोलनाचें नांव त्यानें १९२४ मध्यें रूढ केलें, तें मात्र अशाच चाळणींतून निघून टिकलें. पर्जन्य वर्तविण्यास त्यानें निवडलेल्या इतर कांहीं घटकांचे संबंध पुढें क्षीण झाले.

आपल्या कागदांविषयीं दोन सूचना. जुन्या कागदांत धारण पुष्कळदां ‘रुपयास इतके शेर’ अशी असते. महागाई वाढली कीं हा आंकडा उतरतो, म्हणून अंकाचें चिन्ह उलट येतें. शिवाय शेर व पायली गांवोगांवीं भिन्न असल्यानें दोन गांवांचे आंकडे मापाचा निर्णय झाल्यावांचून एका रकान्यांत घालूं नयेत. आणि दुष्काळाच्या वर्षीं तगाई, सूट, कौल, अर्ज यांचे कागद उदंड होतात. सुकाळांत धारण लिहून ठेवण्याचें कारण कोणास फारसें पडत नाहीं. त्यामुळें उपलब्ध कागदांतून केलेल्या रकान्यांत वाईट वर्षेंच दाटतात. ज्या वर्षांचा कागद नाहीं त्यांची यादी रकान्याशेजारीं छापावी, म्हणजे वाचकास अंकाची किंमत स्वतः करतां येईल.